डावे-उजवे

आमच्या मराठी घरांत डाव्या हाताचे नशीब काही फारसे चांगले नाही. प्रसाद घ्यायला तो चुकून पुढे आला, की मागून आजीचा आवाज आलाच, "उजवा कर आधी!" अक्षता टाकायच्या त्या उजव्याने, ओवाळायचे ते उजव्याने, पानात वाढायचे तेही उजव्याने. डाव्याच्या वाट्याला राहतात ती कोणी पाहू नयेत अशी कामे. भाषेनेही या पंक्तिप्रपंचावर आपले शिक्कामोर्तब करून टाकले आहे. कमअस्सल असेल ते डावे. भेदभाव करणे म्हणजे डावे-उजवे करणे. आणि एखाद्याला त्याच्या हक्काच्या जागेवरून हळूच बाजूला सारणे म्हणजे डावलणे. या शेवटच्या शब्दात तर तो बिचारा हात अक्षरशः कोंबून बसवला आहे.

आज मला ज्या माणसाविषयी लिहायचे आहे, त्याचा डावा हात एके काळी हिंदुस्थानात गाजला होता. साहेबलोक त्या हाताला वचकत. पुण्यामुंबईची मैदाने तो हात पाहण्यासाठी भरत. आणि हा हात ज्याच्या खांद्याला होता, तो माणूस समाजाच्या लेखी सगळाच डावा होता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

मी त्याला 'तो' म्हणतो आहे, याबद्दल कोणी रागावू नये. आपण सुनीलला 'तो' म्हणतो, सचिनला 'तो' म्हणतो. ज्यांना आपण मैदानावर पाहिले, त्यांच्याशी आपले नाते एकेरीचेच असते. शिवाय त्या काळच्या धावफलकावर तो 'पी. बाळू' याच नावाने उभा आहे. बरोबरीचे पै आडनावाने. बाळू आणि त्याचे भाऊ शिवराम, विठ्ठल, गणपत हे मात्र घरच्या नावाने. कारण काहीही असो, जगाने त्याला बाळूच म्हटले, आणि त्या नावात मला आता जिव्हाळाच ऐकू येतो.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जात चांभाराची. वडील लष्कराच्या चाकरीत, त्यामुळे घर लवकरच पुण्याला आले. साहेबांच्या खेळातून बाद झालेले जुने चेंडू आणि मोडक्या बॅटी या भावंडांच्या हाती पडल्या आणि त्यांवर त्यांचे शिक्षण झाले. पोटासाठी बाळू एका पारशी क्लबात मैदानाच्या कामाला लागला. झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि सभासदांना लहर आली की त्यांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबात गेला, तेथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, दोऱ्या लावणे ही कामे होतीच. त्यांत रोजचे आणखी एक काम वाढले: साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करण्याचे.

त्या साहेबांत कॅप्टन ग्रेग म्हणून एक होता. त्या वेळच्या हिंदुस्थानातला तो नामांकित फलंदाज. पुढे म्हातारपणी तो कॅथॉलिक धर्मगुरू झाला. हा ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि एकट्या बाळूच्या माऱ्यावर सराव करी. अशी आख्यायिका आहे की, बाळूने त्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे बक्षीस देई. गणिताचा मास्तर नसूनही मी हिशेब करून पाहिला. चार रुपये पगार म्हणजे आठ वेळा आठ आणे. ग्रेगला महिन्यात आठदा चकवले, की एक जादा पगार सुटला! नव्या युक्त्या शिकायला याहून चांगली शाळा कुठे मिळायची? ग्रेगची बॅट सुधारत गेली ती बाळूच्या चेंडूंवर, आणि बाळूची बोटे तयार होत गेली ती ग्रेगच्या बॅटीवर.

मात्र एक गोष्ट त्या शाळेत कधी झाली नाही. एवढी वर्षे बाळूने त्या क्लबात शेकडो तास चेंडू टाकले, पण त्याच्या हाती बॅट कोणी दिली नाही.

मरोळला आमच्या शाळेच्या मागे एक अंगण आहे. त्याला मैदान म्हणण्याचा आमचा प्रघात आहे. एका बाजूला नव्या इमारतीची भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, आणि भिंतीपलीकडे चेंडू गेला की गडी बाद. मधल्या सुट्टीत तेथे जे क्रिकेट चालते, त्याचा पहिला कायदा साऱ्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे: ज्याची बॅट त्याची बॅटिंग. बॅटीचा मालक आधी खेळतो, मग त्याचा दोस्त खेळतो, मग दोस्ताचा दोस्त. चेंडू टाकायला आणि गटारातून चेंडू काढायला मात्र कोणीही चालतो. सातवीत आमच्याकडे एक मुलगा होता. मरोळ-मरोशी रस्त्याकडच्या एका चाळीतून येई. डावखुरा. त्याने टाकलेला चेंडू टप्पा पडल्यावर असा काही वळे की बॅटीचा मालक चिडून "रट्टा होता, आउट नाही" म्हणून वाद घाली. हा पोरगा सबंध सुट्टी चेंडू टाकी, आणि घंटा झाली की हात न धुताच वर्गात येऊन बसे. त्याला बॅटिंग मिळालेली मी पाहिली नाही.

त्या मुलाकडे पाहतानाच मला बाळूच्या गोष्टीतले मर्म कळले, असे वाटते. क्रिकेटमध्ये गोलंदाजी हे कष्टाचे काम आणि फलंदाजी हा मान, अशी वाटणी पूर्वीपासून आहे. विलायतेतसुद्धा फलंदाजी जमीनदाराची आणि गोलंदाजी पगारी मजुराची, असाच रिवाज होता. राबणारा हात कोणाला नको असतो? तो हात कितीही खालच्या मानलेल्या घरातला असो, कामापुरता तो जवळ केला जातो. प्रश्न येतो तो काम संपल्यावर.

बाळूची गोलंदाजी कशी होती? डाव्या हाताची, मंद, फिरकी. चार पावले यायचे, हात खांद्यावरून फिरवायचा आणि चेंडू हवेत असा सोडून द्यायचा की फलंदाजाला वाटावे, हा तर आपल्यासाठीच वाढून ठेवलेला लाडू. आपल्या नजरेच्या रेषेवर चढणारा चेंडू माणसाला हावरा करतो. तो पुढे सरसावतो, आणि चेंडू वाटला त्याच्या वीतभर अलीकडे पडतो. तर्जनी आणि मधल्या बोटाने दिलेला पीळ तेथे जागा होतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पायांकडून तो बाहेर वळतो, बॅटीची कड घेतो किंवा मागची यष्टी घेऊन जातो. पुढचा चेंडू अगदी तसाच येतो, पण तो वळतच नाही, किंवा उलटा वळतो. यात बळाचे काम थोडे. हा सारा मामला धीराचा आणि समोरच्याचे मन वाचण्याचा. ज्याला साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहून आजचा दिवस कसा जाणार हे ओळखायची लहानपणापासून सवय, त्याला फलंदाजाचे मन वाचणे जड जाऊ नये.

ग्रेगला चकवणारा हा पोरगा आपल्यात घ्यावा की नाही, यावर पुण्याच्या हिंदू क्लबात वाद माजला. युरोपियनांना हरवायचे तर तो हवा, हे सगळ्यांनाच कळत होते. पण तो चांभाराचा. क्लबातले काही तेलुगू सभासद त्याच्या बाजूचे होते, पुण्याचे ब्राह्मण सभासद विरुद्ध होते. अखेर ग्रेगनेच म्हणे वर्तमानपत्रांतून टोला हाणला, की बाळूसारख्या खेळाडूला गमावतील तर हिंदू मूर्ख ठरतील. बाळू संघात आला.

आणि मग चहाची वेळ झाली.

बाकीचे खेळाडू पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूला चहा बाहेर मिळे, मातीच्या बोळक्यात. पिऊन झाला की ते बोळके फेकून द्यायचे. जेवण वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते त्याच्यासारख्याच अस्पृश्य मानलेल्या नोकराने कोपऱ्यात आणून घालायचे.

येथे माझ्यातला कादंबरीकार हात शिवशिवत पुढे येतो. केवढा प्रसंग! ते बोळके हातात घेताना बाळूच्या मनात काय आले असेल, हे लिहायला दोन पाने सहज लागतील. डोळ्यांत अंगार घालावा, ओठ थरथरवावेत, बोळके दगडावर आपटून फोडावे. पण मी ते करणार नाही. बाळूने त्या घडीला काय म्हटले याची नोंद नाही, आणि त्याच्या तोंडी आपले शब्द घालणे ही पुन्हा एकदा त्याच्या हातून आपले काम करून घेण्याचीच तऱ्हा झाली. मला दिसते ते एवढेच: चहा संपवून तो पुन्हा मैदानावर जाई आणि चेंडू हाती घेई.

तो चेंडू पाहा. बाळूच्या बोटांतून सुटलेला चेंडू यष्टिरक्षक झेली, तो स्लिपमधल्याकडे फेकी, तेथून मिडऑफला, तेथून पुन्हा बाळूकडे. घामेजल्या हातांतून घामेजल्या हातांत. कोणी तो पुसून घेतला नाही, कोणी त्यावर पाणी शिंपडले नाही. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता. ज्यावाचून संघाचे अडत होते ते सारे शुद्ध, आणि ज्यावाचून फक्त त्या माणसाचे अडत होते ते अशुद्ध. आमच्या शास्त्रार्थाची ही कुशाग्रता जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ही हकीगत मी एकदा वर्गात सांगितली. पोरे गप्प झाली. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, बाहेर नेईपर्यंत चहा निवला असेल ना?" दुसरा म्हणाला, "पण त्याला बॅटिंग कधी दिली?" मी आजवर या विषयावर पुष्कळ वाचले, पण इतके नेमके प्रश्न कोणा पंडिताने विचारलेले मला आढळले नाहीत. त्यानंतर आठवडाभर त्या डावखुऱ्या मुलाला रोज सहा चेंडू बॅटिंग मिळाली. पुढच्या सोमवारी कायदा पुन्हा मूळपदावर आला. तेव्हा मोठ्या बाईंना सांगून मी शाळेच्या खर्चातून एक बॅट आणवली. बॅट कोणाचीच नाही म्हटल्यावर पाळी आपोआप सर्वांची झाली. उपदेशाने जे आठ दिवस टिकले, ते एका लाकडाच्या फळीने वर्षभर टिकवले. मास्तरकीच्या धंद्यात असे शहाणपण अधूनमधून पदरात पडते.

पुण्याकडे परत वळू. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना होता. बाळूच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून त्यांनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवला होता. रोलर कसा फिरवतात हे बाळूला कोणी शिकवायला नको होते. त्याने सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकून आले. सत्काराच्या सभेत न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूला हार घातला. आपण त्याच्याबरोबर खेळता, तर मग त्याच्याबरोबर खातपीत का नाही, असा सरळ सवाल त्यांनी क्लबच्या मंडळींना केला. लोकमान्यांनीही पुढे भर सभेत त्याचा गौरव केला. हळूहळू बोळके गेले. एका माणसाच्या हातात कप येण्यासाठी साहेबांचा पराभव आणि न्यायमूर्तींचे भाषण अशा दोन्ही गोष्टी लागल्या.

१८९६ साली प्लेग आला. पुणे ओस पडू लागले आणि पालवणकरांचे बिऱ्हाड मुंबईला आले. येथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना नुकताच, १८९४ साली, उभा राहिला होता. तेथेही काही सभासदांनी नाके मुरडली. कप्तान कीर्तिकरांनी त्यांचे ऐकले नाही. बाळूला नोकरी मिळाली ती बी.बी.सी.आय. रेल्वेत. आम्ही मरोळकर मिलिटरी रोडवरून किंवा मेट्रोने अंधेरीला जातो आणि जी गाडी पकडतो, ती त्याच रेल्वेची लाइन. १९५१ साली ती पश्चिम रेल्वे झाली. चर्चगेटकडे जाताना डब्यातल्या गर्दीत कधी कधी माझ्या मनात येते, की या रुळांच्या हजेरीपटावर एके काळी देशातल्या सर्वांत मोठ्या गोलंदाजाचे नाव होते, आणि हे या डब्यात किती जणांना ठाऊक असेल!

१९०६चा फेब्रुवारी. बाँबे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन समोरासमोर उभे राहिले. ज्या क्लबाचे सभासद होणे एतद्देशीयाला शक्य नव्हते, त्याच क्लबाच्या हिरवळीवर हा सामना. हिंदूंच्या २४२ धावा, साहेबांच्या १९१. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६०, आणि साहेब १०२ मध्ये गारद. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूने दोन्ही डावांत मिळून आठ गडी घेतले. भाऊ शिवरामही त्या संघात होता. वंगभंगानंतरची स्वदेशीची हवा देशभर तापलेली होती. बाँबे जिमखान्याच्या हिरवळीवर त्या दिवशी जे घडले ते क्रिकेटपुरतेच नव्हते, हे साहेबालाही कळले आणि आपल्यालाही.

पाच वर्षांनी, १९११ साली, पहिला अखिल हिंदी संघ विलायतेला निघाला. कप्तान पतियाळाचे तरुण महाराज. महाराज थोडेसे खेळले आणि बादशहाच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यांत आणि मेजवान्यांत रमले. संघाचे पाठबळ गेले, सामने धडाधड हरले. तेवीस सामन्यांत सहा विजय, पंधरा पराभव. आणि या पडझडीत पस्तिशीचा, दुखऱ्या खांद्याचा बाळू दिवसामागून दिवस गोलंदाजी करत राहिला. त्याने त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ. लीस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून अकरा, आणि त्या सामन्यात हिंदी संघाने विजय मिळवला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक ठोकले आणि एक गडी राखून सामना जिंकून दिला. साहेबाच्या देशात साहेबांना हरवण्याचे काम प्रामुख्याने दोन चांभार भावांनी केले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

बाळू परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला. त्या समारंभात मानपत्र देण्यासाठी एक कॉलेजातला तरुण पुढे आला. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. बाळूहून पंधरा वर्षांनी लहान. आपल्यातला माणूस आपल्या गुणाने कुठवर जाऊ शकतो, याचे जिवंत उदाहरण म्हणून त्या काळी दलित घरांतून बाळूचेच नाव निघे.

पण तो हिंदू संघाचा कप्तान काही झाला नाही. दर वर्षी नाव निघे, दर वर्षी डावलले जाई. १९१३ साली कप्तान झालेले म. दा. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. पैंच्या मनाचा मोठेपणा खरा. तरीही मान मिळाला नाहीच. गोलंदाजी हे काम आहे, पण कप्तानी म्हणजे हुकूम. 'तू येथे उभा राहा, तू तेथे जा' असे दहा जणांना सांगण्याचा अधिकार. ज्याच्या कपाचा प्रश्न कसाबसा सुटला होता, त्याच्या हुकुमाचा प्रश्न कोण सोडवणार?

१९२० साली बाळूला संघातून वगळले आणि धाकट्या विठ्ठलचाही कप्तानीवरचा हक्क डावलला गेला. तेव्हा मात्र विठ्ठल आणि शिवराम खेळलेच नाहीत. जाहीर पत्रक काढून त्यांनी आपली बाजू मांडली. मंडळींना समेट करावा लागला. बाळूला परत बोलावून उपकप्तान केले. अंतिम सामन्यात कप्तान पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूने संघ चालवला. त्या वेळी त्याचे वय चव्वेचाळीस होते. कारकिर्दीचा शेवट जवळ आला होता.

हे वाचताना मला नेहमी सातासमुद्रांपलीकडचा एक माणूस आठवतो. अमेरिकेत बेसबॉल म्हणून खेळ आहे. त्यात आपल्या गोलंदाजासारखा एक 'पिचर' असतो. तो मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहतो आणि साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो. आपली खेळपट्टी सहासष्ट फुटांची, तेव्हा अंतरात फारसा फरक नाही; फक्त त्यांचा चेंडू टप्पा घेत नाही. सॅचेल पेज हा त्यांतला एक थोर पिचर. ज्या १९०६ साली बाळूने साहेबांना लोळवले, त्याच साली अलाबामातल्या मोबील गावी हा जन्मला. लहानपणी रेल्वे स्टेशनवर लोकांच्या बॅगा उचली, त्यावरून त्याला 'सॅचेल' हे नाव पडले असे सांगतात. पण तो काळा. मोठ्या लीगची दारे काळ्यांना बंद होती, म्हणून उमेदीची सारी वर्षे तो काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला. १९४८ साली क्लीव्हलँडच्या संघाने त्याला घेतले तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी तो संघ अजिंक्य ठरला. १९७१ साली त्यांच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली, तेव्हा आधी ठरले होते की काळ्या खेळाडूंचे दालन वेगळे ठेवायचे. लोकांनी ओरड केली म्हणून बेत बदलला. वेगळे टेबल, वेगळे बोळके, वेगळे दालन. देश बदलला तरी सुताराने टेबल सारखेच केले.

मैदान सोडल्यावर बाळू राजकारणात ओढला गेला. त्याची मते आंबेडकरांच्या मतांहून वेगळी होती. १९३२च्या सप्टेंबरात गांधीजींचे उपोषण चालू असताना जो पुणे करार झाला, त्यावर बाळूचीही सही आहे. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला मुंबईत खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे केले. सुमारे दोन हजार मतांनी बाळू पडला. ज्याने मानपत्र दिले आणि ज्याने ते घेतले, ते दोघे पंचवीस वर्षांनी एकमेकांसमोर. या लढतीचा न्याय करायला मी बसलेलो नाही. एवढे मात्र जाणवते, की येथेही बाळूच्या हाती दुसऱ्याच कप्तानाने चेंडू दिला होता आणि समोर सर्वांत कठीण फलंदाज उभा केला होता. एकाने दरवाजा आतून उघडण्याची वाट पाहत चेंडू टाकले, दुसऱ्याने दरवाजाच्या मालकीचा प्रश्न काढला. दोघांचीही गरज होती असे म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या वेळी त्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे राहताना काय वाटले असेल, ते सांगणे माझ्यासारख्या मॅट्रिकच्या मास्तराच्या आवाक्यातले नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू गेला. मागे राहिले ते आकडे: प्रथम दर्जाचे तेहतीस सामने, १७९ गडी, दर गड्यामागे जेमतेम पंधरा धावा. हिंदुस्थान पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला, तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. म्हणून कसोटीच्या यादीत त्याचे नाव नाही, आणि ज्यांची नावे यादीत नसतात त्यांना विसरणे आपल्याला सोपे जाते. धाकट्या विठ्ठलने १९४८ साली मराठीत आपले आत्मचरित्र लिहिले. पुढे २००२ साली रामचंद्र गुहांनी इंग्रजीत हिंदी क्रिकेटचा मोठा इतिहास लिहून या भावंडांना पुन्हा उजेडात आणले. फराळाची ताटे शेजारी पोचवून झाल्यावर, दुपारी निवांत वेळ मिळेल तेव्हा, घरातल्या पोरांना या माणसाची गोष्ट सांगावी असे मला वाटते. आमच्या मरोळच्या गावठाणात दिवाळीचे ताट ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जाते आणि नाताळात भरून परत येते. कोणाच्या बशीत कोण खातो हे आता कोणी विचारत नाही. ज्यांनी बोळक्यातून चहा प्यायला, त्यांचे थोडेसे देणे त्या बशीतही आहे.

आणि कप्तानीचे काय झाले? १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कप्तान झाला. मोठ्या भावाने साहेबांच्या क्लबात जाळी बांधायला सुरुवात केली, त्याला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. त्या वर्षी अंतिम सामना युरोपियनांशीच पडला आणि हिंदू जिंकले. लोक मैदानात धावले. त्यांत ब्राह्मण होते, गुजराती होते, कोण कोण होते याची मोजदाद कोणी ठेवली नाही. त्यांनी विठ्ठलला उचलले आणि खांद्यावर बसवून मैदानाबाहेर नेले.